चाकांनाही हवं पायपुसणं

बाहेरून आल्यावर आपण पाय धुतो, पायपुसण्याला पुसतो आणि घरात शिरतो. पण मैत्रिणींनो, व्हीलचेअरवरच्या बाईनं काय करायचं? आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते, की खरवडल्याशिवाय सुटत नाही. बसल्या जागेवरून चाकाच्या खालपर्यंत हात पोचत नाही. मग जावेला हाक मारायची, नाहीतर मुलाची वाट बघायची. "एवढ्या चिखलात कुठं निघालीस?" हे ऐकण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं वाटतं आणि बचत गटाची बैठक चुकते.

उपाय अवघड नाही. दोन रोलर आणि मध्ये ब्रश, अशी लोखंडी चौकट दारात बसवायची. मागची चाकं त्यावर चढवून हातानं फिरवली, की खुर्ची जागेवरच राहते आणि चाकं घासून निघतात. उतरताना रोलर फिरू नयेत म्हणून अडसर हवा, तोही तिच्या हाताशी. गावातल्या वेल्डरला हे जमण्यासारखं आहे. तोवर एक ओलं आणि पुढं एक कोरडं गोणपाट, कडा पक्क्या ठोकून. २४ इंची चाकाचा एक फेरा सुमारे सव्वासहा फुटांचा. प्रत्येक गोणपाट त्याहून लांब हवं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य. ग्रामसभेत आपण व्हीलचेअर मागतो, तशी ही चौकटही मागूया. खुर्ची मिळाली, पण घरात शिरायला दुसऱ्याची वाट बघावी लागली, तर ती कसली मोकळीक?