मागे किती माल बसतो?

माझ्या लॉकरच्या दाराला आतून एका गाडीचं चित्र चिकटवलेलं आहे. इन्स्पेक्शनच्या दिवशी ते निघतं आणि इन्स्पेक्शन झालं की परत लागतं. (हाउसमास्टर सरांनी ही ओळ वाचली नाही असं समजावं.) डॉर्मिटरीत बाकीच्यांच्या लॉकरमध्ये फेरारी आहे, लॅम्बोर्गिनी आहे, एकाकडे तर बुगाटी आहे. माझ्याकडे राखाडी रंगाची ऑडी आरएस ६ अवांट आहे. नवीन मुलगा आला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "ही कसली ॲम्ब्युलन्स लावलीस?"

त्याची चूक नाही. ही गाडी वॅगन आहे. सेडान गाडीचं छप्पर सरळ मागच्या टोकापर्यंत नेलं आणि डिकीच्या जागी वर उघडणारा मोठा दरवाजा लावला की वॅगन होते. बॅगा, कुत्रा, मुलांची सायकल, सगळं आत मावतं. पण माझ्या चित्रातल्या गाडीच्या बॉनेटखाली दोन टर्बो लावलेलं ४ लिटरचं व्ही ८ इंजिन आहे. ताकद ६०० पीएस. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.६ सेकंदांत. सकाळी पीटीच्या शिट्टीनंतर आमच्यातल्या काही जणांचा एक डोळा उघडायलाही एवढा वेळ लागतो.

गेल्या वर्षी पेरेंट्स डेला पप्पा आले होते. त्यांनी सतरा वर्षं लष्कराचे ट्रक चालवले आहेत, म्हणून मी मोठ्या उत्साहाने त्यांना हे चित्र दाखवलं. इंजिन, टर्बो, सेकंद, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मागे किती माल बसतो?"

मला सांगता आलं नाही. दोन वर्षं जे चित्र मी रोज बघत होतो, त्या गाडीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला माहीत नव्हती. कारण माल भरायचा नसेल तर वॅगन घ्यायचीच कशाला?

सुट्टीत गावी, साताऱ्याला गेल्यावर शोधून काढलं. मागची सीट उभी असताना ५६५ लिटर, सीट पाडली तर १,६८० लिटर. पप्पांना लिटर काही पटेना. "दूध भरायचंय का त्यात?" म्हणाले. मग मी माझी काळी ट्रंक मोजली. ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १२ इंच उंच, म्हणजे साधारण १०६ लिटर. हिशेबाने सीट पाडून १५ ट्रंका बसायला हव्यात. त्यावर पप्पा म्हणाले, "हिशेबाने बसतील. गाडीत नाही बसणार. चाकाच्या वर फुगवटा असतो, दरवाजा तिरका असतो. दहा धर." दहा तर दहा. म्हणजे एका सेक्शनच्या सगळ्या ट्रंका ३.६ सेकंदांच्या गाडीत. त्या दिवशी मला ती गाडी खरी आवडली.

वेगवान वॅगनची मजा मला तेव्हा कळली. रेसची गाडी वेगवान असते कारण तिच्यातून बाकी सगळं काढून टाकलेलं असतं. वॅगन सगळं घेऊन वेगवान असते. एसयूव्हीसुद्धा सामान नेते, पण ती उंच असते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे वळणावर ती बाहेरच्या बाजूला कलते. वॅगन जमिनीला धरून असते आणि वळणावर सेडानसारखी चालते.

या गाड्यांचा इतिहासही मला आवडतो. ऑडीची पहिली आरएस गाडी १९९४ मध्ये आली, आरएस २. ती फक्त वॅगनच होती. पाच सिलिंडरचं २.२ लिटरचं टर्बो इंजिन, ३१५ पीएस. ती पोर्शेच्या मदतीने तयार झाली आणि पोर्शेच्याच कारखान्यात जोडली गेली. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत चक्क ८५० इस्टेट ही वॅगन उतरवली. लोक हसले. तेव्हा संघाने शर्यतीआधीच्या फेरीत मागच्या काचेतून दिसेल असा एक मोठा खेळण्यातला कुत्रा बसवून गाडी फिरवली. हसणाऱ्यांना असं उत्तर देता आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट बीएमडब्ल्यूची. माक्स राइसबॉक नावाचे तिथले एक तंत्रज्ञ होते. सुट्टीला निघताना बायको, मुलं आणि सामान ३ सीरिजमध्ये मावेना. कंपनी त्या मॉडेलची वॅगन बनवत नव्हती. त्यांनी अपघातात मोडलेली एक गाडी विकत घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये कापून, जोडून स्वतःची वॅगन तयार केली. ती कंपनीच्या वरिष्ठांना इतकी आवडली की १९८७ मध्ये कारखान्यातून तशी गाडी बाहेर पडली. सामान मावत नाही ही अडचण कुठल्याही घरातली. आमच्याकडे गणपतीला गावी जाताना हीच अडचण असते, फक्त आमच्याकडे कापायला गाडी नसते.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. तक्रार या गाड्यांच्या नावांबद्दल आहे.

जुनी नावं बघा. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि सामान आणायला जी गाडी वापरत, ती स्टेशन वॅगन. इंग्लंडमध्ये गावाकडच्या मोठ्या इस्टेटींवर जी कामाला येई, ती इस्टेट कार. शिकारीला निघालेली माणसं, बंदुका आणि कुत्री नेण्यासाठी जी घोडागाडी असे, तिच्यावरून शूटिंग ब्रेक. जर्मनीत माणसं आणि माल दोन्ही नेणारी म्हणून कोम्बी. इटलीत फियाटने १९६० मध्ये आपल्या चिमुकल्या ५०० ची वॅगन काढली आणि नाव ठेवलं जार्दिनिएरा, म्हणजे माळीण. नाव ऐकलं की काम कळतं.

आणि आता? ऑडीने १९७७ मध्ये अवांट हे नाव घेतलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पुढे. ज्या गाडीचं सगळं वैशिष्ट्य मागे आहे, तिचं नाव 'पुढे'! बीएमडब्ल्यूची टूरिंग. पोर्शेची स्पोर्ट टुरिस्मो. जॅग्वारने ब्रेक हा शब्द ठेवला, पण आधी स्पोर्ट लावून स्पोर्टब्रेक केलं. मर्सिडीजने नुसतं टी हे अक्षर घेतलं. त्याचा अर्थ टूरिस्मुस उंड ट्रान्सपोर्ट, म्हणजे पर्यटन आणि वाहतूक. निदान अर्धा प्रामाणिकपणा तरी आहे, पण तोही एका अक्षरात दडवलेला. आपल्याकडेही तेच झालं. टाटांनी १९९२ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून टाटा इस्टेट काढली, तेव्हा नाव सरळ होतं. नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, टाटांची इंडिगो मरिना आली. एकीच्या नावात उंची, दुसरीच्या नावात समुद्रकिनारा. सामानाचं नाव कुणीच घेत नाही.

कोटीच्या घरातली गाडी घेणाऱ्याला तिच्या नावात ओझं नको असतं, हे कंपन्यांना माहीत आहे. गाडी माल वाहते, पण तसं म्हणायचं नाही.

ही युक्ती मला चांगली ओळखता येते, कारण ती मी स्वतः वापरली आहे.

सहावीत इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळे एकमेकांना विचारत होते, "तुझे वडील काय करतात?" कुणाचे इन्फंट्रीत, कुणाचे आर्मर्डमध्ये, एकाचे पायलट. माझे पप्पा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये हवालदार आहेत, ड्रायव्हर. मी म्हणालो, "लॉजिस्टिक्समध्ये आहेत." अकरा वर्षांच्या मुलाने हा शब्द कुठून शोधला, मला आता आठवत नाही. पण शब्द चालला. पुढे दोन वर्षांनी एका सीनियरला खरं कळलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे रेशनची गाडी चालवतात." सगळे हसले. मीही हसलो. आज मला त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या हसण्याचं जास्त वाईट वाटतं.

रेशनची गाडी म्हणजे काय, ते आता मला माहीत आहे. श्रीनगरहून लेहच्या रस्त्याला लागलेला कॉन्व्हॉय, झोजी लाचा चढ, एका बाजूला दरी. ट्रकमध्ये पीठ, डाळ, रॉकेल. हे पोहोचलं नाही तर पुढच्या चौकीवरच्या जवानाची रायफल कितीही चांगली असली तरी तो किती दिवस लढेल? आपल्याला हे कुणी वेगळं शिकवायला नको. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली आणि १४ जानेवारीला आपलं सैन्य उपाशी पोटी लढाईत उतरलं. पण आपली भाषा काय म्हणते? सैन्याबरोबर सामान घेऊन चालणाऱ्या माणसांना आपण बाजारबुणगे म्हणतो, आणि तो शब्द शिवीसारखा वापरतो. घरी आई चिडली की म्हणते, "मी काय तुमची हमाल आहे का?" ओझं वाहणाऱ्याला चांगलं नाव द्यायला आपणही विसरलोच. ऑडीला एकट्याला का बोलावं?

माझा मित्र मला म्हणाला, "तुझं म्हणणं चूक आहे. नाव चांगलं ठेवलं तर बिघडलं कुठे? आपल्या रणगाड्याचं नाव अर्जुन आहे, क्षेपणास्त्राचं अग्नी आहे. त्यांना काय 'तोफवाली गाडी' म्हणायचं?" मी यावर दोन दिवस विचार केला. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. सुंदर नाव ठेवायला माझी हरकत नाही. पण अर्जुन हे नाव रणगाड्याचं काम लपवत नाही, उलट वाढवून सांगतं. नेम धरून लढणारा म्हणून अर्जुन. अवांट हे नाव वॅगनचं काम लपवतं. गौरवासाठी ठेवलेलं नाव आणि लाज झाकण्यासाठी ठेवलेलं नाव, या दोन्हींत फरक आहे. 'लॉजिस्टिक्स' हा शब्दही वाईट नाही. मी तो ज्या कारणासाठी वापरला, ते कारण वाईट होतं.

आणि लष्कराला सरळ नावंही ठेवता येतात. तीन टन माल नेतो तो थ्री टन. जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झाली जोंगा. त्या नावात ना पर्यटन आहे ना समुद्रकिनारा, तरी जोंगा म्हटलं की जुन्या फौजींचे डोळे चमकतात. आजोबांचे मी पाहिले आहेत. गाडीने काम चोख केलं की साध्या नावालाही मान मिळतो.

म्हणून माझं मत असं आहे. वेगवान वॅगन ही जगातली सगळ्यात चांगली गाडी आहे, कारण ती इतरांचं ओझं घेते आणि तरीही मागे पडत नाही. तिने आपलं काम नावातून लपवू नये. माझ्या हातात असतं तर मी तिचं नाव मालवाहू ६०० ठेवलं असतं. विक्री कमी झाली असती, हे मान्य आहे.

ते माझ्या हातात नाही. पण एक गोष्ट आहे. या वर्षी सहावीत आलेल्या एका मुलाने जेवणाच्या रांगेत मला विचारलं, "दादा, तुमचे वडील काय करतात?" मी म्हणालो, "एएससीत ड्रायव्हर आहेत. रेशनची गाडी चालवतात." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माझेपण."

त्याला मी माझ्या लॉकरमधलं चित्र दाखवलं. त्याने इंजिनबद्दल काही विचारलं नाही. म्हणाला, "दादा, हिच्यात मागे किती बसतं?"

"दहा ट्रंका," मी म्हणालो.