दंड हाती आला, संहितेचे काय?

१८६० साली ब्रिटिशांनी एका जित राष्ट्रासाठी संमत केलेली दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ही घटना निःसंशय स्वागतार्ह होती. परंतु संसदेने कायदा बदलला म्हणजे पोलीस ठाण्यातील कारभारही बदलला, असे मानून जे निश्चिंत झाले, त्यांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. खांद्यावर नवे तारे लावून ठाण्यात रुजू होणाऱ्या उपनिरीक्षकाला हा कायदा खरोखर किती उमगला आहे?

खुनाचे ३०२ आता १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ झाले, असे तक्ते पाठ करणे म्हणजे कायद्याचे ज्ञान नव्हे. खरी परीक्षा ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी होते. भेदरलेली एखादी भगिनी फिर्याद घेऊन येते आणि ‘ही हद्द आमची नाही’ या चार शब्दांत तिची बोळवण होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावीच लागते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते. हे अंमलदाराला ठाऊक नसेल तर ते अज्ञान आहे, ठाऊक असूनही तो टाळत असेल तर तो अपराध आहे. दोन्हींची किंमत मात्र ती भगिनीच मोजते.

‘गुंडांना कलमांचा नव्हे, दंडुक्याचा धाक वाटतो’ असे म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत. त्यांनी थोडे न्यायालयात जाऊन बसावे. कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे. ते न करता मुद्देमाल जप्त केला, ठरलेल्या पंचांच्या सह्या घेऊन ठाण्यातच पंचनामा उरकला, तर त्याचा लाभ कोणाला मिळतो? गुंडाच्या वकिलाला! साठ किंवा नव्वद दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्र गेले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच प्राप्त होतो. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्यात कसूर झाली तर अटकच बेकायदा ठरते. कायदा न जाणणारा पोलीस गुन्हेगाराला वचक बसवत नाही, तो त्याला सुटकेची वाट दाखवतो. आणि त्याच अज्ञानापायी एखादा निरपराध कोठडीत जातो, तेव्हा त्या घराची अब्रू कोण परत देणार?

दोष केवळ अकादमीच्या माथी मारून चालणार नाही. नाशिकला कायद्याचा अभ्यास करून आलेल्या तरुणाला ठाण्यातील पहिला धडा मिळतो तो असा : ‘तिथे शिकलास ते विसर, इथले काम वेगळे असते.’ अकादमीत पेरलेले बीज ठाण्याच्या उंबरठ्यावर करपते. म्हणून प्रशिक्षण तेथेच चालू राहिले पाहिजे. आरोपी निर्दोष सुटला की ते निकालपत्र तपास अधिकाऱ्यासमोर ठेवून, कोठे चुकले हे सरकारी वकिलाने समजावले पाहिजे. नव्या अधिकाऱ्याच्या पंचनाम्याची वरिष्ठांनी ओळ न ओळ तपासणी केली पाहिजे. बंदोबस्ताच्या ओझ्याखाली यासाठी वेळ उरत नसेल, तर मनुष्यबळ वाढवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, सबब नव्हे.

समाजानेही आरशात पाहावे. ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन शोधणारे सुशिक्षित कुटुंब, कायद्याऐवजी वशिल्याने चालणाऱ्या पोलिसाला आपणच घडवत असते. फिर्यादीची प्रत हक्काने मागणारा नागरिक हाच अंमलदाराचा उत्तम शिक्षक होय.

दंड अतिकठोर झाला तर प्रजा उद्विग्न होते आणि ढिला पडला तर त्याचा मान जातो, हे कौटिल्याने ओळखले होते. दंडाचे हे माप कायद्याच्या ज्ञानानेच कळते. ब्रिटिशांचा कायदा गेला. ब्रिटिशांचा शिपाई मात्र अद्याप ठाण्यात उभा आहे. त्याला निरोप दिल्याविना नव्या संहितेचे स्वागत पूर्ण होणार नाही.