लॅपटॉप कपाटात, मुलगी परीक्षेला

मी ज्या मुलींच्या उर्दू शाळेत शिकवते तिथे वीस लॅपटॉप आहेत. ते मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात, किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात. तपासणीच्या दिवशी ते बाहेर येतात. नववीच्या मुली समोर बसतात, फोटो निघतात आणि संध्याकाळी लॅपटॉप मोजून पुन्हा आत जातात. एरवी का काढत नाही म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "बिघडतील." लॅपटॉप की मुली, हे कुणी सांगत नाही.

या कपाटाला अलीकडे आणखी एक कुलूप लागलंय, स्वीडनचं. 2023 मध्ये तिथल्या सरकारने शाळांमध्ये पुन्हा छापील पुस्तकं आणण्यासाठी पैसा दिला. ती बातमी आमच्या कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. बघा, प्रगत देशसुद्धा मागे फिरले! अहो, तिथल्या मुलांना स्क्रीनचं अजीर्ण झालं, म्हणून इथल्या उपाशी मुलीला लंघन?

यंत्र विकणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. 2005 मध्ये एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपचं स्वप्न जगाला दाखवलं. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. 2012 मध्ये तिथल्या ग्रामीण भागातल्या 319 शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर गणितात आणि भाषेत मुलांचे गुण वाढलेले नव्हते. वाढतील कसे? नुसतं यंत्र वाटून शिकवणं होत नाही. हे मला मान्य आहे, आणि लॅपटॉपने गणित सुधारेल असं मी म्हणतही नाही.

माझं म्हणणं साधं आहे. इंजिनिअरिंग आणि फार्मसीसाठी द्यावी लागणारी एमएचटी-सीईटी 2019 पासून कॉम्प्युटरवर होते. 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. म्हणजे सरकार मुलीला कॉम्प्युटरसमोर बसवणारच आहे. प्रश्न एवढाच, की त्याआधी तिचा हात माऊसला लागलेला असेल का.

घरी लागत नाही. आपल्या मोहल्ल्यात घरटी एक चांगला फोन असतो आणि तो बहुतेक वेळा भाईजानचा असतो. त्याच्या हातात असला तर तो दुनिया समजून घेत असतो, बहिणीच्या हातात दिसला की पहिला सवाल, "कुणाशी बोलतेयस?" हे वाचणाऱ्या भावांनो, राग येऊ द्या, पण रात्री घरी गेल्यावर बहिणीला विचारा, फोनचा पासवर्ड तिला माहीत आहे का.

गेल्या वर्षी दहावी चांगल्या गुणांनी पास झालेल्या आमच्या एका मुलीचा अर्ज सायबर कॅफेवाल्याने भरला. कॉलेजांचा पसंतीक्रम त्यानेच ठरवला. पहिल्या पसंतीचं मिळालं तेच दोन बस बदलून जावं लागेल इतकं लांब. अब्बू नाही म्हणाले. ती घरी बसली. आता शिवणकाम करते. तिच्या अम्मीने मला विचारलं, "बाई, आपण हे आधी बघायला नको होतं का?" बघायला हवं होतं. शाळेत वीस लॅपटॉप असताना शाळेनेच बघायला हवं होतं.

एकदा मुख्याध्यापक रजेवर होते. शिपाई चाचांनी किल्ली दिली (त्यांचीही नात आमच्याकडेच शिकते) आणि मी दहावीच्या वर्गात सगळे लॅपटॉप नेले. चाळीस मुली, दोघींत एक. आधी स्वतःचं नाव उर्दूत टाइप करायला लावलं. कर्सर उजवीकडून डावीकडे धावला तशी वर्गात खसखस पिकली. मग फळ्यावर प्रवेशाचा खोटा अर्ज लिहिला आणि पसंतीक्रम त्यांनाच लावायला सांगितला. पाऊण तासात भांडणं सुरू झाली, सायन्स की कॉमर्स, जवळचं की चांगलं. कुणीच बिघडलं नाही.

आठवड्याला दोन तास, एवढंच मी लेखी मागितलं आहे आणि अर्जाची पोच घेतली आहे. कमिटी म्हणते, पुढच्या बैठकीत बघू.

त्या दिवशी वीसपैकी सहा लॅपटॉप सुरूच झाले नव्हते. म्हणून काही बाकांवर तिघी-चौघींना बसवावं लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटऱ्या पडून पडून गेल्यात.