घरापर्यंत नाही, गॅरेजपर्यंत!

संडेची संध्याकाळ. पुण्यातला साखरपुडा आटपून आम्ही बापलेक परत निघालेलो. मागच्या सीटवर बाकरवडीचे चार पुडे, एफएमवर जुनी गाणी, बाहेर मस्त ढगाळ हवा. लाइफ एकदम सेट! आणि जुन्या मुंबई-पुणे हायवेवर, कामशेतच्या तीनेक किलोमीटर अलीकडे, आमच्या अल्टोनं एक आचका दिला आणि मान टाकली. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही.

स्टिअरिंगवर मी होते. खरं तर हीच मोठी ब्रेकिंग न्यूज. २००९ मध्ये ही गाडी घरात आली, तेव्हापासून बाबा सोबत असताना किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली नाही. पण त्या दिवशी सकाळी त्यांनीच ती माझ्याकडे टाकली. ‘‘आज तू चालव, मी जरा आराम करतो.’’ मी इतकी खूश झाले, की कारण विचारायचं राहूनच गेलं.

असो. गाडी उतरंडीच्या जोरावर डाव्या कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, डिकीतला लाल त्रिकोण (हो, तो याच्यासाठीच असतो, नुसता स्टेपनीखाली धूळ खायला नाही!) पन्नास-साठ पावलं मागे नेऊन ठेवला आणि दोघंही रस्त्यापासून लांब जाऊन उभे राहिलो. बंद गाडीत बसून राहणं ही सगळ्यात मोठी चूक. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर लक्षात ठेवा, जिवावरचं काही असेल तर ११२. आम्ही मात्र टिपिकल मराठी माणसासारखा आधी मामाला फोन लावला.

मामा तळेगावचा. अर्ध्या तासात बोलेरो घेऊन हजर, सोबत नायलॉनचा जाड दोर. त्याचा प्लॅन तयारच होता. ‘‘दाजी, काही टेन्शन घेऊ नका. बांधतो मागं आणि थेट डोंबिवलीला सोडतो. घाटात शिंग्रोबाला नाणं टाकू आणि निवांत उतरू.’’ बाबांचा चेहरा खुलला. टोइंगवाल्याचे पैसे वाचले, गाडी आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे आणि रात्री वरण-भात घरी. और क्या चाहिये?

आता मला एक वाईट खोड आहे. मास कॉमच्या डिग्रीनं नोकरी दिली नसेल, पण काहीही करायच्या आधी नियम वाचायची सवय लावली. रस्त्याकडेला उभ्या उभ्या मोबाइलवर १९८९ चे ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’ उघडले. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सनी घेतली, पण टोइंगचा बेसिक फंडा समजून घ्यायला ते जुने कलम अजूनही बेस्ट आहे. काय म्हणतं ते? एक, बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीनं ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. घरापर्यंत नाही! दोन, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको आणि दोर इतरांना नीट दिसला पाहिजे. तीन, मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ऑन टो’ असं लिहिलेलं हवं. चार, स्पीड ताशी २४ किलोमीटरच्या वर नाही.

मामा हसला. ‘‘चोवीसनं? अगं, सायकलवाले पुढं जातील!’’ मी हिशोब मांडला. कामशेत ते डोंबिवली ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, म्हणजे साडेतीन तास. तेही रात्री, तेही खंडाळ्याच्या घाटातून. मामा गप्प झाला, पण पटलं असं नाही.

मग मी पाचवा मुद्दा वाचला. ओढल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाकं क्रेननं उचललेली नसतील, तर तिच्या स्टिअरिंगवर लायसन्स असलेला माणूसच बसला पाहिजे.

‘‘त्यात काय,’’ बाबा दरवाजा उघडत म्हणाले, ‘‘मी बसतो. दोर बांधलेला असला की मागच्याला काय करायचं असतं? नुसतं बसायचं.’’

‘‘लायसन्स आहे ना जवळ?’’ मी सहज विचारलं. अगदी सहज.

बाबा दरवाजा धरून उभेच राहिले. मग म्हणाले, ‘‘संपलंय. दोन महिने झाले.’’

रिन्यू का नाही केलं? चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि डॉक्टर डोळे तपासणार. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे बाबांना दिवाळीपासून माहीत होतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. रात्री समोरच्या गाडीचे लाइट फुटल्यासारखे दिसतात, म्हणाले. तेव्हा सकाळच्या त्या ‘आज तू चालव’चा अर्थ लागला. मामा उगाचच दोराची गाठ पुन्हा आवळायला लागला.

मी काहीच बोलले नाही. साखरपुड्यात मिळालेल्या साडीच्या पांढऱ्या बॉक्सवर मार्करनं ‘ऑन टो’ लिहिलं, मागच्या काचेला चिकटवलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

आणि मंडळी, ‘नुसतं बसायचं’ ही या शतकातली सगळ्यात मोठी थाप आहे! इंजिन बंद, म्हणजे पॉवर स्टिअरिंग बंद. चाक वळवायला जात्यावर बसल्यासारखा जोर लावावा लागतो. किल्ली ‘ऑन’वर ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊन खेळ खल्लास. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. दोर बांधायचा तो चॅसिसला असलेल्या टोइंग हुकलाच, बंपरला किंवा एक्सेलच्या दांड्यांना नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत हा हुक टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून पिळून बसवायचा असतो.

पण खरी गंमत ब्रेकची. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा दाबेपर्यंतच पुरते. त्यानंतर पेडल म्हणजे दगड. आणि ब्रेक लावायचं काम मागच्याचं असतं, कारण पुढच्यानं ब्रेक मारला तर दोर तुम्हाला थांबवत नाही. तुम्ही थेट त्याच्या पाठीत! म्हणून मागच्यानं हलका ब्रेक धरून दोर सतत ताणलेला ठेवायचा, आणि पुढच्यानं हाफ क्लचवर अलगद उचलायचं, कारण ढिल्या दोराला हिसका बसला की तो तुटतो. आमचं ठरलं होतं, एक हॉर्न म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. तीन किलोमीटरच्या त्या प्रवासात मी एकोणीस हॉर्न वाजवले. बाबा मामाच्या शेजारी बसले होते आणि सारखे मागे वळून बघत होते.

कामशेतच्या गॅरेजवाल्यानं पाच मिनिटांत निदान केलं. टायमिंग बेल्ट तुटलाय. स्पेअर पार्टचं दुकान संडेला बंद, काम मंगळवारी. मामानं पुन्हा दोराकडे बघितलं. मी काही बोलणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, ‘‘नको. घाटात दोर ढिला पडणार आणि सगळा भार हिच्या पायावर येणार. मी बघितलंय आत्ता, ही कशी ब्रेक दाबत होती ते.’’ घासाघीस करून रिक्षावाल्याला घाम फोडणाऱ्या माणसानं स्वतःहून फ्लॅटबेड बोलवायला सांगितलं!

तर आता कामाच्या गोष्टी. फ्लॅटबेड म्हणजे ज्यावर अख्खी गाडी चढते तो ट्रक. लांब पल्ल्याला तोच बरा. नुसती दोन चाकं उचलणारी क्रेन असेल तर इंजिनचा जोर ज्या चाकांवर येतो, ती चाकं वर हवीत. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची. ऑटोमॅटिक असेल तर दोरानं ओढायचा विचारही नको, गिअरबॉक्सची वाट लागते. फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक असेल तर चारही चाकं वर, म्हणजे फ्लॅटबेडच.

रेट फोनवरच पक्का करा. टोल धरून की सोडून? परतीचं भाडं वेगळं? थांबल्याचे पैसे लागतील का? आम्ही साडेआठ हजारांवरून टोलसकट सात हजारांवर आलो. गाडी चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, कागदपत्रं आणि किमती सामान काढून घ्या. ट्रकवर चढवलेल्या गाडीत कुणी बसायचं नाही. (बाबांनी विचारलं होतं!) आणि एक खास टिप : टोल नाक्यावर ट्रकसोबत तुमच्या गाडीचा फास्टॅगही वाचला जाऊ शकतो आणि पैसे कटतात. वरून अॅल्युमिनियम फॉइल लावा. आमच्या कामी बाकरवडी आली नाही, पण तिच्यासोबत आईनं दिलेल्या पराठ्यांची फॉइल आली.

इन्शुरन्सची पॉलिसीही आजच काढून बघा. रोडसाइड असिस्टन्स आहे का, किती किलोमीटरपर्यंत, तुमच्या गाडीच्या वयाला चालतो का. आमची नुसती थर्ड पार्टी. म्हणून सात हजार खिशातून.

रात्री अकराला अल्टो सोसायटीच्या गेटसमोर उतरली. बाबांनी तिच्या बॉनेटवर हात फिरवला आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘‘त्या डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते का गं?’’ असं विचारलं.

मिळते. ऑपरेशनची तारीखही मिळाली. लायसन्सचं टेन्शन नाही, मुदत संपल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही. बेल्ट नवा बसलाय, गाडी मस्त पळतेय. किल्ली सध्या माझ्याकडे आहे. तात्पुरती, असं बाबा रोज बजावतात.