मदतीला निघताय? आधी कंट्रोल रूमला फोन, मग बॅग!

कुठे दरड कोसळली, पूर आला की वडगाव मावळमधल्या मंडळांचे व्हॉट्सॲप ग्रुप तासाभरात गरम होतात. ‘टेम्पो आहे, पोरं आहेत, निघायचं का?’ भावना शंभर टक्के खरी असते. अडचण पुढे होते.

इर्शाळवाडीत काय झालं होतं?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मावळातून घाट उतरला की खालापूर, म्हणजे तसं शेजारीच. पण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. भर पावसात तास-दीड तासाची चढण. जेसीबी वर जाईना, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. माती हातानेच उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आलं. मदतीसाठी चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसाचं हे होऊ शकतं, तर जिमलाही न जाणाऱ्या उत्साही पोराचं काय?

म्हणूनच पहिल्या ४८ तासांत, कुणी बोलावल्याशिवाय जाऊ नये. हे कटू वाटेल. पण अशा पायवाटेवर जास्तीचा प्रत्येक माणूस स्ट्रेचरची वाट अडवतो. मावळाला गर्दीचा अर्थ वेगळा सांगायला नको. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने इंद्रायणीत कोसळला, चौघांचा जीव गेला.

मग जायचं कधी, कसं?

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. तिथे किंवा तिथल्या तहसील कार्यालयात विचारा: माणसं हवीत की सामान? बऱ्याचदा उत्तर ‘चार दिवसांनी या’ असं येतं. आणि खरं काम तेव्हाच असतं. घरातला गाळ काढायला, विहीर उपसायला कुणी उरलेलं नसतं. जेसीबी चालवता येणारा एक माणूस तेव्हा दहा जणांच्या बरोबरीचा.

बॅगेत काय?

नियम एकच: आपलं जेवण, पाणी, झोपायची सोय आपणच न्यायची. पूरग्रस्तांच्या पंगतीत स्वयंसेवकाने बसायचं नाही. चिक्की, खजूर, शेंगदाणे, फुटाणे पुरतात (चिक्कीसाठी मावळकरांना लांब जायला नको). माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी, सोबत क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएस.

जीन्स घरी ठेवा, भिजली की दोन दिवस वाळत नाही. चिखलात गमबूट चांगले, पण चढणीवर त्यात पाणी भरतं. तिथे घोट्यापर्यंतचे ग्रिपचे बूट हवेत. जाड हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी, पॉवर बँक, सुटे पैसे. नेटवर्क जाईल, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करा. रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. फोन बंद पडला की नंबर कुणालाच पाठ नसतो.

आणि जुने कपडे? कृपया नकोत. फाटक्या साड्यांचे ढीग निवडण्यात तिथल्यांचे दोन दिवस जातात. नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, झाडू, फावडी, ताडपत्री न्या.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट

लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्रातले जिवाणू पुराच्या पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळीबद्दल विचारा. पायाला जखम असेल तर सरळ घरी थांबा.

एनडीआरएफची पाचवी बटालियन मावळातच, सुदुंबऱ्याला आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. असं असताना दोर, टेम्पो, जेसीबी आणि प्रथमोपचार येणारी पोरं कुणाकडे आहेत, याची मंडळनिहाय यादी वडगावच्या तहसील कार्यालयाने मे महिन्यातच का करू नये? गणपतीची वर्गणी घरोघर फिरून जमते, ही यादी तर एका रविवारी होईल.

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. पुराच्या पाण्यात काम केलं होतं, हे डॉक्टरांना आधी सांगा.