उसाची नोंद वेळेवर, पोराच्या कागदांचं काय?

लागण झाली की आपण नोंदीसाठी गट ऑफिस गाठतो. नोंद लांबली तर तोड लांबते, हे कुणी शिकवावं लागत नाही. पण पोरगं नववीत गेलं तरी त्याचे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत, घरात कुणालाच ठाऊक नसतं. मग बारावीचा निकाल लागला की सेतूच्या दारात रांग!

ओबीसीच्या राखीव जागेवर इंजिनिअरिंगला जायचं तर जातीचा दाखला, त्याची पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर लागतं. पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. म्हणजे आज्याचा शाळेचा दाखला, नाहीतर गाव नमुना १४ मधली जन्माची नोंद. जुनी दप्तरं चाळून ती नक्कल निघायला आठ दिवस पुरत नाहीत.

"उसाचं बिल मोठं, आपल्याला कुठलं नॉन-क्रिमीलेअर?" म्हणून कित्येकजण अर्जच करीत नाहीत. अहो, त्या उत्पन्नात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत! (कमाल मर्यादेच्या जवळपास बागायत असणाऱ्याची गोष्ट निराळी.)

शाळेच्या रजिस्टरात नाव, जन्मतारीख चुकली असेल तर मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्या, नंतर हेलपाटेच. आणि पोरीचे कागद "लग्नाचं बघू" म्हणत मागे ठेवू नका.

संचालक मंडळाला एक विनंती. गळीत बंद झाल्यावर प्रत्येक गट ऑफिसात आठवी-नववीच्या पालकांसाठी एक दिवस ठेवावा. माहितगार माणूस बसवावा. चहा आम्ही आणू.