तंबोरा आणि प्रार्थनेची वेळ

माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या एक ख्रिस्ती भगिनी परवा पेटी मिटता मिटता म्हणाल्या, "गुरुजी, रविवारी चर्चमध्ये गाते तेवढाच माझा देव. बाकीचे सहा दिवस वेळ म्हणून मिळत नाही." बाई मूळच्या नगरकडच्या. इंदुरात एका रुग्णालयात परिचारिका आहेत. आठवड्याआड रात्रपाळी, घरी दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. अशांना 'पहाटे लवकर उठत चला' असे सांगणारा उपदेशक मला तरी निर्दय वाटतो. कोणी त्यांचे समाधान केले होते की, रुग्णसेवा हीच प्रार्थना. निराळा वेळ कशाला हवा? गंमत अशी की, या उत्तराने त्या अधिकच खिन्न झाल्या होत्या.

मी ख्रिस्ती नव्हे. पण हा प्रश्न आम्हा गाणाऱ्यांच्याही घरचा आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

'काम हीच प्रार्थना' म्हणणारे बहुधा सतराव्या शतकातील लॉरेन्स या बंधूचा दाखला देतात. पॅरिसमधील कार्मेल मठाच्या स्वयंपाकघरात तो राबे आणि भांड्यांच्या गलबल्यातही त्याला देवाचे सान्निध्य वाटे. ठरलेली प्रार्थना आणि काम यांत आपल्याला अंतर वाटत नाही, असे तो सांगत असे. खरे, परंतु ठरलेली प्रार्थना त्याने सोडली नव्हती! मठाचा दिनक्रम त्याच्या पाठीशी होता. सकाळी पाव घटका तंबोऱ्याशी बसले तर तो षड्ज भाजीबाजारातसुद्धा कानांत राहतो. न बसले तर दिवसभर आपण गुणगुणतो ते शेजारच्या रिक्षात वाजणारे गाणे.

माझे वडील सतराव्या वर्षी होळकर दरबारच्या वादकांत रुजू झाले आणि वर्षभरातच, १९४८ साली, संस्थान मध्य भारतात विलीन झाले. सारंगी राहिली, दरबार गेला. पुढे त्यांनी कारकुनी केली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. मला आठवतात ते कचेरीतून येऊन, सदरा खुंटीला अडकवून, चहाच्याही आधी सारंगी जुळविणारे वडील. पहाट त्यांना साधत नसे, म्हणून त्यांनी रियाज घड्याळाला न बांधता सदऱ्याच्या खुंटीला बांधला. रागाला प्रहर असेल, सूर लावायला कसला प्रहर? कधी दहाच मिनिटे वाजवीत. आईला ती किरकिर वाटे, हेही सांगितले पाहिजे.

त्या दहा मिनिटांत म्हणायचे काय, याची सोय मराठी ख्रिस्ती समाजात फार पूर्वी झालेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि त्याच वाटेने त्यांनी अभंग, भजन, कीर्तन मराठी चर्चमध्ये आणले. अभंगाचा गुण असा की, त्याला ना पुस्तक लागते ना पेटी. तो पाठ होतो आणि हात कामात असताना तोंडात राहतो. पुस्तकी शिक्षण जेमतेम मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी १९१९ साली पती गेल्यानंतर, संसाराचा गाडा ओढीत त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले. ते १९३८ साली, त्यांच्याही पश्चात, प्रसिद्ध झाले. मोकळा वेळ मिळण्याची वाट पाहिली असती तर ते अपुरेच राहिले असते.

आज हे अभंग 'उपासना संगीता'त छापलेले आहेत आणि रविवारी कीबोर्डच्या साथीने दणक्यात गायिले जातात. माझी तक्रार कीबोर्डविषयी नाही (थोडी आहे). तक्रार ही की, घरासाठी रचलेली वस्तू व्यासपीठावर जाऊन बसली.

बाईंना मी म्हटले, "ताई, महिनाभर नवे गाणे शिकवत नाही. एकच अभंग घ्या. पाळी सकाळची असो वा रात्रीची, ड्यूटीचे कपडे चढविण्याआधी खुर्चीवर बसून म्हणा. पेटी नको, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सासूबाईंना ऐकू गेले तर जाऊ द्या."

"आणि एखादे दिवशी राहिले तर?"

"तर दुसऱ्या दिवशी म्हणा. मागची बाकी फेडायची नाही."

त्यावर त्या हसल्या आणि सहज विचारून गेल्या, "गुरुजी, तुमचा रियाज कधी असतो?"

सकाळपासून रात्रीपर्यंत मी शिकवण्या करतो. दिवसभर गातच असतो की, असे उत्तर ओठांवर आले होते. ते गिळले. त्या गेल्यावर तंबोऱ्याची गवसणी काढली, तो जोडीच्या तारांपैकी एक गंजून तुटलेली. उद्या शिकवणीला निघण्यापूर्वी नवी तार आणावयाची आहे.